कोंडाणे लेणी: गुडघेदुखी असलेल्या बाबांना झेपेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कोंडाणे म्हणजे कर्जतजवळची, राजमाचीच्या पायथ्याच्या रानातली लेणी. (सिंहगडाच्या कोंढाण्याशी गल्लत नको, घरात रोज होते.)

बाबा ७१ वर्षांचे आहेत. निवृत्तीनंतर ब्राह्मी ही प्राचीन लिपी शिकायला घेतली, आता रोज वहीत अक्षरं गिरवतात. कोंडाण्याच्या चैत्यगृहाबाहेर (म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनाबाहेर) डाव्या बाजूला एक भग्न मस्तक आहे, त्याच्याजवळ कोरलंय: 'कण्हस अंतेवासिना बलकेन कतं'. कण्हाचा शिष्य बलक, त्याने हे केलं. लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांची नावं भरपूर सापडतात, घडवणाऱ्याचं क्वचित. बाबांनी सगळं आयुष्य कारखान्यात फिटर म्हणून काढलं, म्हणून असेल, पण ही ओळ त्यांच्या मनात घर करून बसली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराचं नाव त्यांना फोटोत नाही, समोर उभं राहून वाचायचंय.

अडचण उजव्या गुडघ्याची. सपाटीवर तासभर आरामात चालतात, उतरताना मात्र त्रास होतो. कोंडिवडे गावातून रानातली वाट साधारण तासाभराची आणि 'सोपी' आहे असं सगळे लिहितात, पण लिहिणारे बहुतेक पंचविशीतले. शेवटचा चढ कसा आहे? दगडांवर हात टेकावे लागतात का? मध्ये बसायला सावली आहे का? पावसाळ्यात लेण्यावरून धबधबा कोसळतो आणि वाट निसरडी होते, म्हणून डिसेंबरात जायचा विचार आहे. लेखावर तिरपा उजेड कधी पडतो, हेही कोणी पाहिलं असेल तर सांगा. अक्षरं झिजलेली आहेत, त्यामुळे उजेडावर बरंच अवलंबून आहे.

गावातला कोणी वाटाड्या सोबत घ्यावा का?

प्रतिसाद १: मी आईला (६८) जानेवारीत नेलं होतं. जाताना दीड तास लागला, येताना त्याहून जास्त. बरीचशी वाट झाडीतून जाते, चढ शेवटी लागतो. दोन काठ्या आणि गावातला माणूस, दोन्ही घ्याच. सकाळी लवकर निघा आणि परतीची घाई ठेवू नका, गुडघ्याची परीक्षा उतरतानाच होते.

प्रतिसाद २: त्याआधी एकदा मुंबईत बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत नेऊन बघा. तीही जंगलातच आहे, पण गाडी पायथ्यापर्यंत जाते. पायऱ्यांवर गुडघा कसा वागतो ते कळेल, आणि ब्राह्मी लेख इतके आहेत की काकांचा दिवस कमी पडेल. सोमवारी बंद असते.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार. कान्हेरीचं बाबांना सांगितलं, त्यांनी लगेच वही पिशवीत भरली. उजेडाचं अजून कोणाला माहीत असेल तर लिहा, निघायची वेळ त्यावरच ठरवायची आहे.