मदत हवी आहे: ‘हिटलरला युद्ध नकोच होतं’ याला उत्तर काय?

मंडळी, आमच्या मेव्हण्यांचं ठाम मत: स्टालिन चाल करून येणारच होता, म्हणून हिटलरने आधी हात उचलला. सोव्हिएत रशियावरचा हल्ला २२ जून १९४१ चा आणि बार्बारोसाचा (त्या हल्ल्याच्या योजनेचं सांकेतिक नाव) आदेश १८ डिसेंबर १९४० चा, हे दाखवलं. ‘ती नुसती खबरदारी हो!’ हिटलरने युद्धाचे बेत मांडले त्या बैठकीचं, त्याचा लष्करी सहायक हॉसबाख याचं १९३७ चं टिपण काढलं, तर म्हणे बैठकीनंतर पाच दिवसांनी लिहिलेलं, कशाला धरायचं? (एवढं बरोबर माहीत असतं त्यांना.)

माझ्या मते खरा पुरावा २ मे १९४१ च्या जर्मन अधिकाऱ्यांच्या बैठकीचा. रशियातलं धान्य उचललं तर कोट्यवधी माणसं उपाशी मरतील, हे टिपणात सरळ लिहिलंय. बचावाच्या लढाईत असले हिशेब कोण मांडतं?

पण ते सोव्हिएत सेनाप्रमुख झुकोव्हचा मे १९४१ चा, जर्मनीवर आधी हल्ला करण्याचा प्रस्ताव पुढे करतात. त्यावर नेमकं काय सांगावं? मराठीत काही वाचायला आहे का?