सिंगापूरला बाळंतपण, मग मेलबर्न: खसखस, तूप, औषधं यातलं काय नेता येतं?

माधुरी_सहकारनगर

नमस्कार. वय ६१, राहणार पुणे. पुढच्या महिन्यात मी आणि आमचे हे मुंबईहून सिंगापूरला निघतोय. लेकीचं पहिलं बाळंतपण आहे. तिथे पाच आठवडे राहून परस्पर मेलबर्नला मुलाकडे जायचं. बॅगा त्याच आणि देश दोन, म्हणून विचारतेय.

कालच रविवार पेठेतून सामान आणलं: डिंक, खारीक, गोडंबी, सुकं खोबरं, अळीव, बाळंतशोपा आणि पाव किलो खसखस. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईने रोज सकाळी डिंकाचा लाडू आणि वाटीभर खसखशीची खीर दिली. आज एकसष्टीतही माझी कंबर धरत नाही, ते त्या चाळीस दिवसांमुळे असं मी मानते. लेकीलाही तेच करून घालायचंय. बाळगुटीचा संच आणि सहाणही घेतली आहे. साजूक तूप सासवडजवळच्या माहेरचं, भावाच्या गोठ्यातलं. ते आणायला निघण्याच्या आदल्या रविवारी जाणार आहे. मुलाने मुळशीचा आंबेमोहोर, घरचा गोडा मसाला आणि कंदी पेढे सांगितलेत.

यांच्या गोळ्या आहेत: रक्तदाबाच्या, साखरेच्या आणि रात्री झोपेसाठी अल्प्राझोलाम. खोकला जुना आहे म्हणून कोडीनचं सिरपही असतं.

शेजारच्या काकू म्हणतात, खसखस सापडली तर तुरुंगात टाकतात. तिकिटं काढून देणारा मुलगा म्हणतो, "साडीत गुंडाळून टाका काकू, इतक्या बॅगा कोण उघडतंय!" मला लपवून काहीच न्यायचं नाही. लेक दवाखान्यात आणि मी कस्टमवाल्यांसमोर, ही वेळ यायला नको. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगा.

आधी_सिंगापूर_आता_बाणेर

काकू, नऊ वर्षं तिथे काढली म्हणून खात्रीने सांगते, खसखस नेऊ नका. पाव किलोही नको आणि लाडवात घालूनही नको. सिंगापुरात खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली अडकते. पूर्वी विमानात जे पांढरं कार्ड भरून घ्यायचे, त्यावर अमली पदार्थांच्या तस्करीला मृत्युदंड असल्याचं लाल अक्षरांत छापलेलं असायचं. आता कार्ड ऑनलाइन भरतात, कायदा तोच आहे.

बाकी सामानाची काळजी नको. लिटल इंडियात सेरंगून रोडच्या आसपास सुकामेवा, डाळी, मसाले सगळं मिळतं. माझ्या सासूबाईंनी खसखशीऐवजी भाजलेले तीळ आणि मगज घालून लाडू केले होते. चव थोडी वेगळी लागली, पण मी चाळीस दिवस तेच खाल्ले. आणि मसाला बघून घ्या. आमच्याकडे गोड्या मसाल्यात खसखस असते, तुमच्याकडेही असेल तर तोही इथेच ठेवा.

पशुवैद्य_औंध

माधुरीताई, मी मेलबर्नपुरतं सांगतो. पशुसंवर्धन खात्यात ३१ वर्षं नोकरी केली, आणि माझाही मुलगा तिकडेच असतो.

विमानात एक कार्ड देतात. त्यावर मांस, अंडी, दुग्धजन्य पदार्थ, फळं, भाज्या, धान्य, बिया, वनस्पतींचे भाग, पारंपरिक औषधं, लाकडी वस्तू, माती लागलेले बूट असं एकेक विचारलेलं असतं. तुमची बाळगुटी 'पारंपरिक औषधं'मध्ये येते, पोळपाट-लाटणं 'लाकडी वस्तूं'मध्ये. शंका आली की 'हो'वर खूण करायची. 'हो' म्हटल्याबद्दल दंड होत नाही. फार तर वस्तू ठेवून घेतात.

आम्ही गेलो तेव्हा हिच्या पर्समध्ये पेढ्यांचा डबा होता. कार्डावर लिहिला होता, त्यामुळे तिथल्या बाईंनी तो उघडून पाहिला, "दुधाचं चालत नाही" एवढंच म्हणाल्या आणि पिशवीत टाकला. आमच्या शेजारच्या टेबलावर एक मुलगा होता, बहुतेक शिकायला आलेला. त्याने सगळीकडे 'नाही' लिहिलेलं, आणि बॅगेतून घरची मिठाई आणि बियांच्या पुड्या निघाल्या. त्याच्या हातात तिथेच दंडाची नोटीस पडली. तिकडे हा दंड काही हजार डॉलरपर्यंत जातो, आणि २०१९ पासून अशा कारणावरून पाहुण्याचा व्हिसाही रद्द करता येतो. आईने भरून दिलेल्या डब्यापायी त्या पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला आजही तो आठवतो.

आंबेमोहोर राहू द्या. २०२० पासून प्रवाशांच्या सामानातून कच्चा तांदूळ, हरभरे, धने, जिरे, सुक्या मिरच्या न्यायला त्यांनी बंदी केली आहे. कारण आपला खापरा भुंगेरा. त्याची अळी धान्याविना कोठाराच्या फटीत वर्षानुवर्षं जगते आणि तिच्यावर औषधं सहज चालत नाहीत. गहू निर्यात करणाऱ्या देशाला तो परवडणार नाही. पेढे, तूप, दुधाचं काहीही मेलबर्नच्या बॅगेत नको. तूप लेकीकडेच संपवा.

आता तुम्ही जे सहज लिहून गेलात त्याबद्दल. आदल्या रविवारी भावाच्या गोठ्यात जाणार म्हणता. त्या कार्डावर असाही प्रश्न आहे: गेल्या ३० दिवसांत शेतावर किंवा शेतातल्या जनावरांजवळ गेला होतात का? तुम्ही पाच आठवडे सिंगापूरला राहणार म्हणजे तीस दिवस उलटून जातील, पण बूट तेच राहतील.

हा प्रश्न का विचारतात ते दौंड तालुक्यात मी पाहिलंय. अकरा संकरित गाईंचा गोठा होता. सकाळी फोन आला, गेलो तर गाई दावणीला उभ्या आणि तोंडातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत. एकीची जीभ धरली तर वरचं कातडं माझ्या हातात सोलून आलं. खुरांच्या बेचक्यात जखमा, पाय टेकवत नव्हत्या. सोळा लिटर देणारी गाय दीड लिटरवर आली, आणि पुढच्या वेतातही तिने पहिल्यासारखं दूध दिलं नाही. लाळ्या-खुरकूत हे. त्या आठवड्यात पुढच्या तीन गोठ्यांत गेलं. कसं? दुधाच्या किटल्या आणि माणसांचे पाय. मी स्वतः प्रत्येक गोठ्यातून निघताना गमबूट धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचो, दहा लिटरला चारशे ग्रॅम.

ऑस्ट्रेलियात हा रोग १८७२ नंतर आलेला नाही. ब्रिटनमध्ये २००१ साली आला तेव्हा साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. बाहेरून बेकायदा आलेलं मांस एका शेतावर डुकरांच्या खरकट्यातून गेलं असावं, असा तिथल्या तपासाचा निष्कर्ष होता. २०२२ मध्ये इंडोनेशियात साथ आली, तर तिकडून येणाऱ्या प्रवाशांना ऑस्ट्रेलियाच्या विमानतळांवर सायट्रिक आम्लाने भिजवलेल्या पायपुसण्यांवरून चालवत होते. आपल्याकडे २०१९ पासून केंद्राची लसीकरण मोहीम चालू आहे, औंधला आमच्याच खात्याची लसनिर्मिती संस्था आहे, पण रोग देशातून गेलेला नाही. आपण तो बुटाला लावून नेऊ नये, एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

सिंगापूर सोडताना दोन्ही बॅगा उलट्या करून झटका. शिवणीत अळीव नाही तर बाळंतशोपा अडकतोच. बूट तळव्यासकट घासून धुवा.

मेडिकल_कर्वेनगर

डॉक्टरसाहेबांचं म्हणणं मेलबर्नला शंभर टक्के लागू. पण ते वाचून कुणी सिंगापूरला खसखस नेऊन "बघा, मी स्वतःहून दाखवतेय" म्हणू नका. खाण्याचा पदार्थ असेल तर कार्डावर लिहिलं की फार तर तो जातो. अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी वस्तू असेल तर आधी लेखी परवानगी, नाही तर घरीच.

गोंधळ आपल्याकडच्या सवयीमुळे होतो. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. बीमध्ये अफू नसते, बोंडाचा चीक त्याला लागतो आणि त्यातून मॉर्फीनचा अंश येतो. आपल्या १९८५ च्या कायद्यात बोंडांच्या व्याख्येतून बी वगळलेलं आहे, म्हणून वाण्याकडे पुडीत मिळतं. तरी परदेशातून खसखस मागवणाऱ्या व्यापाऱ्याला ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोकडे सौदा नोंदवावा लागतो. आखातातही हीच अडचण आहे. दिवाळीत दुबईला अनारसे पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

काकांच्या औषधांचं सांगतो. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या तीन महिन्यांपर्यंतच्या न्या, दोन्ही देशांत तेवढी मुभा आहे. अल्प्राझोलाम सिंगापुरात नियंत्रित औषध आहे. त्यासाठी तिथल्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाकडे ऑनलाइन अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. निघण्याच्या किमान तीन आठवडे आधी करा, लेकीला सांगितलं तर ती तिथून बघेल. कोडीनच्या सिरपचं मी म्हणेन नेऊच नका, डॉक्टरांना विचारून दुसरं घ्या. मेलबर्नला उतरताना औषधंही कार्डावर लिहायची.

चिठ्ठी इंग्रजीत, टाइप केलेली, औषधाचं मूळ नाव लिहिलेली. माझ्या दुकानात रोज कुणी तरी गोळ्या पट्टीतून काढून आठवड्याच्या डबीत भरून मागतं. प्रवासाला तसं अजिबात करू नका. सुट्या पांढऱ्या गोळ्या तिथला अधिकारी कशावरून ओळखणार? पट्टी अख्खी, बिल सोबत, सगळं हातातल्या बॅगेत.

माधुरी_सहकारनगर

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री यांनी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

आज सकाळी फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन आलो. सिरप बदललं, चिठ्ठी टाइप करून दिली. अल्प्राझोलामचा अर्ज लेक आज संध्याकाळी भरतेय. मसाल्याची वही काढून पाहिली, आईच्या अक्षरात चार चमचे खसखस लिहिली आहे. मी कधी मोजूनही घालत नाही, हात आपोआप जातो. म्हणून तोही डबा राहिला. पाव किलो खसखस धाकट्या जावेला दिली.

भावाला फोन केला, तूप तोच स्वारगेटला आणून देतोय, मी गोठ्यात जात नाही. त्याच्या दोन गाईंना लस टोचलेली आहे म्हणाला, तिसरीची राहिली होती ती या आठवड्यात टोचून घेतो.

बाणेरच्या ताई, मगज आणि तिळाचं प्रमाण सांगाल का? एक किलो डिंकाच्या लाडवांना किती घालू, आणि मगज तुपात परतून घ्यायचा की कोरडाच भाजायचा?