मदत हवी आहे : स्कोपस या संशोधन-लेखांच्या डेटाबेसमधल्या संस्थांची नावं एकत्र कशी करायची?

मुंबईच्या 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'चं (स्थापना १९५५) बिब्लिओमेट्रिक विश्लेषण (लेख आणि त्यांची सायटेशन, म्हणजे इतरांनी दिलेले संदर्भ, यांची मोजदाद) चालू आहे. स्कोपसमधून सीएसव्ही (तक्त्याची फाइल) घेतली. संपादकीयं आणि पत्रं वेगळी काढली, नाहीतर दर लेखामागची सायटेशनची सरासरी उगाच घसरते.

अडलंय ते व्हीओएसव्ह्यूअर या नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या संस्था-नकाशात. 'सेठ जीएस मेडिकल कॉलेज', 'केईएम हॉस्पिटल' ही खरं तर मुंबईतली एकच जोडसंस्था, पण नकाशात वेगळे ठिपके. वर विभागाचं नाव लागलं की आणखी एक! थिसॉरस फाइलमध्ये (कोणत्या नावाऐवजी कोणतं दाखवायचं याची यादी) 'लेबल' आणि 'रिप्लेस बाय' असे दोन रकाने भरता येतात, पण नाव पूर्ण जुळलं तरच बदलतं. एक्सेलमध्ये सरसकट 'केईएम' बदलावं, तर पुण्याचं केईएमही मुंबईच्या खात्यात जमा.

शहराचं नाव धरून हे ओपनरिफाइनमध्ये (डेटा साफ करायचं सॉफ्टवेअर) कोणी केलंय का? क्लस्टरिंगची (मिळतीजुळती नावं एका गटात आणायची) कुठली पद्धत लावली?