मदत हवी आहे : स्प्लिट ते दुब्रोव्हनिक बसप्रवास आणि एका प्रवेशाचा व्हिसा

नमस्कार. सप्टेंबरमध्ये आई-वडिलांना घेऊन क्रोएशियाला जात असून आम्हांला शेंगेन व्हिसा (क्रोएशियासह युरोपातील अनेक देशांच्या शेंगेन गटाचा सामायिक व्हिसा) एकाच प्रवेशाचा मिळाला आहे. स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला जाणारा किनाऱ्याचा जुना रस्ता नेउमजवळ काही किलोमीटर बोस्नियातून जातो, आणि बोस्निया शेंगेनमध्ये नसल्याने तिथे बाहेर पडल्याची नोंद झाली तर पुन्हा आत येणेच अडेल. २०२२ मध्ये पेल्येशात्स पूल खुला झाल्यापासून क्रोएशियाची हद्द न सोडता जाता येते; परंतु सर्व बस पुलावरूनच जातात, की काही अजूनही नेउममार्गे नेतात, आणि तिकीट काढताना हे कसे ओळखावे? (वडिलांना बोट लागते, त्यामुळे जलमार्ग नाइलाज झाला तरच.) अलीकडे हा प्रवास केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.