मुलीच्या लग्नाचे रिसेप्शन घरामागच्या बागेत करावे का?

मूळ प्रश्न (मखमलाबाद, नाशिक)

माझ्या मुलीचे लग्न येत्या डिसेंबरमध्ये आहे. मुलगी आणि होणारे जावई या दोघांनीही १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न करायचे ठरवले असून, त्यासाठी लागणारी ३० दिवसांची नोटीस ते वेळेत देणार आहेत. सकाळी विवाह अधिकाऱ्यांसमोर तीन साक्षीदारांच्या सह्या होतील आणि संध्याकाळी एकच कार्यक्रम, म्हणजे रिसेप्शन, आमच्या घरामागच्या बागेत करावा असे माझ्या मनात आहे.

बाग ४५ फूट लांब आणि ३५ फूट रुंद आहे. एका कोपऱ्यात आंबा आहे, विहिरीच्या बाजूला सासूबाईंनी लावलेला सोनचाफा आहे आणि मुलीचे सगळे बालपण त्या चाफ्याखाली गेले आहे. आम्ही तीन लॉन्स पाहून आलो. भाडे, त्यावर १८ टक्के जीएसटी, त्यांच्याच माणसांकडून करून घ्यावी लागणारी सजावट आणि ४०० पानांचे जेवण असे सगळे मिळून सहा लाखांच्या पुढे आकडा जातो. माझ्याकडे दोन लाख रुपये आहेत आणि त्यापलीकडे एक रुपयाही उसना घ्यायचा नाही असे मी ठरवले आहे.

आपल्याकडे आधी यादी होते, मग यादीला पुरेल एवढी जागा शोधली जाते आणि शेवटी जागेला पुरतील एवढे पैसे उभे केले जातात. मला हा क्रम उलटा करायचा आहे. बागेत १२० माणसे नीट बसून जेवू शकतील असा माझा अंदाज आहे, म्हणून बोलावणे १२० जणांनाच करायचे. सख्ख्या दिरांना हे पटलेले नाही. ज्यांनी घरी असे कार्य केले आहे किंवा ज्यांचा याला विरोध आहे, त्या सर्वांनी मोकळेपणाने लिहावे.

प्रतिसाद (इंदिरानगर)

ताई, आपला हेतू चांगला आहे, पण घरी केले म्हणजे स्वस्त पडते हा समज मी अनुभवाने सोडून दिला आहे. चार वर्षांपूर्वी पुतण्याचे रिसेप्शन आम्ही बंगल्याच्या आवारात केले. कार्यालयात खुर्च्या, टेबले, भांडी, दिवे, पाणी, स्वच्छतागृहे आणि झाडलोट हे सगळे भाड्यातच येते. घरी यातली एकेक वस्तू वेगळी भाड्याने आणावी लागते, तिची ने-आण वेगळी द्यावी लागते आणि प्रत्येकाच्या मागे एक माणूस उभा करावा लागतो.

आमच्याकडे मांडववाल्याने १००० वॅटचे चार हॅलोजन घरच्याच मीटरवर जोडले होते. रात्री पावणेनऊला, पहिली पंगत पुऱ्यांची वाट पाहत असताना, सगळे घर अंधारात गेले. मोबाइलच्या उजेडात आचारी पुऱ्या तळत होता आणि माझी आई हातात मेणबत्ती घेऊन व्याह्यांना पायऱ्यांवरून खाली आणत होती. वायरमन मिळेपर्यंत तासभर गेला.

तरीही माझा मुख्य आक्षेप विजेचा नाही, तो कष्टांचा आहे. त्या दिवशी माझी पत्नी आणि दोन वहिन्या पहाटे पाचपासून उभ्या होत्या. एकमेव स्वच्छतागृह दर अर्ध्या तासाने धुणे, पाहुण्यांच्या लहान मुलांना दूध गरम करून देणे आणि आहेर सांभाळणे हे सगळे त्यांच्याच वाट्याला आले. त्या रात्री साडेअकराला उरलेल्या मसालेभातावर जेवल्या आणि लग्नाच्या एकाही फोटोत त्या तिघी एकत्र नाहीत. घरच्या कार्यात वाचलेले पैसे बहुतेक वेळा घरातल्या बायकांच्या अंगावरून वाचलेले असतात. नवरीच्या आईने त्या संध्याकाळी यजमानीण म्हणून खुर्चीवर बसायला हवे, भांडी मोजत उभे राहायला नको.

प्रतिसाद (पंचवटी)

माझा मंडपाचा व्यवसाय आहे, त्यामुळे थोडे मापात सांगतो. टेबल-खुर्चीच्या पंगतीत एका माणसाला दोन फूट रुंदी लागते, म्हणजे ४५ फुटांच्या बागेत एका रांगेत २० माणसे सहज बसतात. टेबल, खुर्ची आणि वाढप्याला फिरायला वाट मिळून रांगेला सात फूट धरावेत. ३५ फुटांत अशा पाच रांगा कागदावर बसतात, पण आंबा, विहीर आणि वधूवरांना बसवण्याची जागा वजा केली की तीनच उरतात. म्हणजे एका पंगतीला ६० पाने आणि दोन पंगतींत १२०. ताईंचा अंदाज बरोबर आहे. बुफेत माणसे जास्त मावतात हे खरे असले तरी उंचसखल जमिनीवर भरलेले ताट हातात घेऊन उभे राहणे वडीलधाऱ्यांना जमत नाही, म्हणून घरगुती कार्यात मी पंगतच सुचवतो.

इंदिरानगरच्या दादांनी सांगितलेला विजेचा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. घरगुती सिंगल फेज मीटरवर चार किलोवॅटचे हॅलोजन आणि त्यात कोणी गिझर लावला की असेच होणार. ५० वॅटचे एलईडी फ्लड वापरले तर आठ दिव्यांना मिळून ४०० वॅट पुरतात. मात्र माझा खरा सल्ला वेगळा आहे. कार्यक्रम संध्याकाळी न ठेवता दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा ते तीन या वेळेत ठेवा.

नाशिकला डिसेंबरमध्ये सूर्य मावळला की तासाभरात गारठा सुटतो आणि मळ्यांच्या बाजूला तो अधिकच जाणवतो. उघड्या बागेत सत्तरीच्या माणसांना रात्री नऊपर्यंत बसवणे योग्य नाही, आणि बाजूने जाड कनाती लावल्या की खर्चही वाढतो. दुपारचे ऊन त्या महिन्यात सुखाचे असते. दिवे लागत नाहीत, जनरेटर लागत नाही, अन्न गरम राहते, सगळी आवराआवर उजेडात होते आणि बागेचे जे रूप दाखवण्यासाठी हा खटाटोप चालला आहे तेही दिसते. आंब्याची सावली एका पंगतीला पुरेल आणि बाकीच्या भागावर साधे पांढरे कापड बांधले तरी चालेल.

आणखी एक गोष्ट, जी लोक हमखास विसरतात. कार्याच्या आधी चार-पाच दिवस बागेला पाणी देणे बंद करा. ओल्या मातीत प्लास्टिकच्या खुर्चीचे मागचे पाय रुततात आणि जड माणूस खुर्चीसकट मागे जातो. वर मॅट अंथरली तर खालचा खड्डा दिसतही नाही, त्यामुळे आधी जमीन कोरडी हवी.

प्रतिसाद (सिन्नर)

वरची सगळी चर्चा जागा आणि सोय यांभोवती फिरते आहे, म्हणून मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आमच्या भागात लग्नाचे जेवण ही हौस नसते, ते अनेक वर्षांच्या देण्याघेण्याचे खाते असते. माझ्या वडिलांच्या दहाव्याला जे लोक पेरणी सोडून आले, ज्यांनी बहिणीच्या लग्नात तीन दिवस पाणी भरले, त्यांना माझ्या मुलाच्या लग्नाचे बोलावणे गेले नाही तर मी त्यांचे देणे बुडवले असाच त्याचा अर्थ होतो. २५ वर्षे ज्यांच्या मांडवात आपण जेवलो, त्यांना आपल्या वेळी जागा नाही असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. दोन लाखांत ४०० माणसांना वरण-भात, बटाट्याची भाजी आणि बुंदी एवढे साधे जेवण घालता येईल. पदार्थ कमी करावेत, माणसे कमी करू नयेत.

मूळ लेखिका

सर्वांचे मनापासून आभार. सिन्नरच्या दादांना एवढेच विचारते की २०२० साली लग्नाला ५० माणसांची मर्यादा होती, तेव्हा ज्यांना बोलावणे गेले नाही त्यांच्याशी कोणाचे नाते तुटले का? माझ्या भाचीचे लग्न त्याच वर्षी झाले आणि तिचा संसार आणि गोतावळा दोन्ही नीट आहेत.

प्रतिसाद (सिन्नर)

ताई, त्या वर्षी सरकारने सगळ्यांनाच बाहेर ठेवले होते, त्यामुळे कोणाला कमीपणा वाटला नाही. या वेळी १२० जणांची निवड तुम्ही स्वतः करणार आहात. १२१ व्या माणसाला तो नियम वाटणार नाही, ती तुमची निवड वाटेल, आणि सल त्याचाच राहतो.

प्रतिसाद (नाशिक रोड)

सिन्नरच्या काकांचा मुद्दा खरा असला तरी त्याची किंमत कोण मोजतो हेही पाहावे. माझ्या लग्नासाठी वडिलांनी पतसंस्थेतून काढलेले कर्ज माझा मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा फिटले. पाच वर्षे दर महिन्याच्या हप्त्याच्या दिवशी त्यांचा फोन आला की मला त्यांच्या आवाजावरून कळत असे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, तेव्हापासून महाराष्ट्रात साध्या, कमी खर्चाच्या लग्नाचा आग्रह धरला जात आहे, आणि तरीही साधे लग्न करणाऱ्यालाच आजही खुलासा द्यावा लागतो. ताईंनी कोणालाही खुलासा देऊ नये.

प्रतिसाद (मखमलाबाद)

शेजाऱ्यांच्या वतीने दोन शब्द. आपल्या कॉलनीतले रस्ते अरुंद आहेत. १२० पाहुणे म्हणजे निदान २५ गाड्या, त्यामुळे जवळच्या मोकळ्या मैदानावर गाड्या लावायची सोय आणि तिथे उभा राहणारा एक माणूस आधी ठरवावा. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लेखी परवानगी लागते, रात्री दहानंतर तो बंद ठेवावा लागतो आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. दुपारी सनई हळू आवाजात लावली तर कोणाचीच तक्रार राहणार नाही. एक दिवस आधी आजूबाजूच्या घरी जाऊन सांगितले तर माझ्यासारखे चौघे खुर्च्या मांडायलाही येतील.

मूळ लेखिका

दोन दिवस विचार करून आणि मुलीशी बोलून काही गोष्टी नक्की केल्या आहेत. कार्यक्रम नोंदणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारीच होईल. आचारी, चार वाढपी, भांडी घासायला दोन बायका आणि स्वच्छतागृहासाठी एक जण हे सगळे मजुरी देऊन ठरवले आहेत. बाहेरचे एक फिरते स्वच्छतागृह गेटजवळ उभे राहील. इंदिरानगरच्या दादांचे पत्र मी माझ्या जावेला वाचून दाखवले. तिने काहीच उत्तर दिले नाही, फक्त ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले. त्यामुळे सजावटीचे पैसे कमी करून ते या माणसांवर खर्च करायचे ठरले. झेंडूची तोरणे आम्ही आदल्या रात्री घरीच ओवणार आहोत.

जेवणात मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, जिलबी आणि मठ्ठा एवढेच आहे. आचाऱ्याने दहा माणसांना एक किलो या हिशेबाने १२ किलो तांदूळ सांगितले आहेत. सिलिंडर तो स्वतःचे १९ किलोचे आणणार आहे, घरचा वापरायचा नाही असे त्यानेच बजावले. राज्यात थर्माकोलच्या ताटांवर २०१८ पासून बंदी आहे, म्हणून स्टीलची ताटे भाड्याने घेतली आहेत.

सिन्नरच्या दादांनी शेवटी जे लिहिले त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. १२१ व्या माणसाला वाईट वाटणार आहे आणि ते माझ्यामुळे वाटणार आहे, हे मी मान्य करते. यादीबाहेर राहिलेली ६४ घरे मी लिहून काढली आहेत. दिवाळीनंतरच्या प्रत्येक रविवारी मी आणि मुलगी त्यांतल्या काही घरी पेढे घेऊन जाणार आहोत आणि बोलावणे का नाही हे तोंडाने सांगणार आहोत. पहिला रविवार थोरल्या दिरांच्या गावचा ठेवला आहे. ते स्वतः यादीत आहेत, पण त्यांचे दोन चुलतभाऊ नाहीत, आणि ते त्यांच्यासमोरच सांगावे लागणार आहे.