केएएसएलआरवर किती विसंबायचं? सल्ला हवा

रात्रपाळी: एका सामायिक लिनक्स सर्व्हरवर बऱ्याच जणांना शेल (कमांड चालवायची सोय) दिलंय, त्यात काही अनोळखी आहेत. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीत कुठे बसलाय हे केएएसएलआरमुळे लपतं (दर बूटला जागा बदलते), पण ते फोडणं सोपं आहे असं वाचलं. काय करू? अट एवढीच: महिनाअखेरपर्यंत रीबूट नाही, कर्नल कंपाइल करणार नाही.

कर्नलवेडा: कर्नल स्वतः कंपाइल करा. एकेक फंक्शन वेगळं ढवळणारे एफजी-केएएसएलआरचे पॅच मी लावलेत, मस्त चालतात. मुख्य कर्नलमध्ये ते घेतले नाहीत, हे फार चुकलं.

बिट_बहाद्दर: त्यांना कंपाइल नकोय. मूळ दुखणं असं: एक्स८६-६४ वर कर्नलला १ जीबीची पट्टी, त्यात २ एमबीच्या पटीतच बसायचं. म्हणजे फार तर ५१२ जागा, ९ बिट. शिवाय अख्खा कर्नल एकाच अंतराने सरकतो. एक पॉइंटर (कर्नलमधला एखादा पत्ता) बाहेर फुटला की वजाबाकी करून बाकीचे पत्ते हातात, आणि रीबूट होईपर्यंत ते तेच राहतात.

जुना_सिसॅडमिन: आधी बूट लाइन (सुरू होताना कर्नलला दिलेले पर्याय) बघा. माझ्या आधीच्या माणसाने डीबगिंगसाठी टाकलेलं, केएएसएलआर बंद करणारं ‘नोकेएएसएलआर’ तसंच राहिलं होतं. अजून संताप होतो.

कर्नलवेडा: पीटीआय (यूजरच्या पेज टेबलातून, म्हणजे पत्त्यांच्या नकाशातून, कर्नल वगळणारी सोय) चालू असेल तर काळजी कशाला?

बिट_बहाद्दर: २०२२ च्या एन्ट्रीब्लीड हल्ल्याबद्दल वाचा. पीटीआय असूनही सिस्टिम कॉलच्या (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागणीच्या) प्रवेशाचा कोड यूजरच्या पेज टेबलात ठेवावाच लागतो. आधी एक सिस्टिम कॉल करायचा, मग एकेका संभाव्य पत्त्यावर प्रीफेच (डेटा आधीच आणून ठेवायची प्रोसेसरची सूचना) करून वेळ मोजायचा. जिथे कमी वेळ लागतो, तिथे कर्नल. इंटेलवर हे चालतं.

शून्य_एक: आमच्याकडे एएमडी आहे, निवांत.

बिट_बहाद्दर: एएमडीवरचे प्रीफेच हल्लेही २०२२ मध्येच छापून आलेत. निवांत राहू नका.

पॅचवाली: रीबूट न करता एवढं करा: सिसकंट्रोलमध्ये (चालू कर्नलच्या सेटिंगमध्ये) केपीटीआर-रिस्ट्रिक्ट २ (पत्ते लपतात), डीमेसेज-रिस्ट्रिक्ट १ (साध्या यूजरला कर्नलचा लॉग दिसत नाही), साध्या यूजरला बीपीएफ (कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम चालवायची सोय) बंद. मग साध्या यूजरने कॅलसिम्स (कर्नलमधल्या पत्त्यांची यादी) उघडून पाहा, पत्त्यांच्या जागी नुसती शून्यं दिसायला हवीत. प्रीफेच याने थांबत नाही, पण फुकटची गळती थांबते. व्हीएमच्या (आभासी मशीनच्या) नादी लागू नका, मेमरी खातात.

जुना_सिसॅडमिन: बूट लाइन पाहिलीत का?

रात्रपाळी: पाहिली, स्वच्छ आहे. पॅचवालीताई, सेटिंग लावली, शून्यं दिसतात. तरी अनोळखी लोकांचं शेल आजच बंद करतोय. त्यांना स्वतंत्र कर्नलवाली व्हीएम देणार, मेमरी खाल्ली तर खाऊ दे.