सिकोया आलं म्हणून रेक्टँगल काढून टाकायचं?

निशाचर:
काल ‘अर्धविराम’ यांनी लिहिलं की 2024 च्या सिकोया या मॅकओएसच्या आवृत्तीपासून मॅकमध्ये विंडो कडेला ओढली की अर्ध्या स्क्रीनवर बसते, मग रेक्टँगल, मॅग्नेट, मूम ही विंडो लावून देणारी ॲप्स बाळगणं हा नुसता हट्ट. वाचून राहवलं नाही. मी भाषांतर करतो. डावीकडे मूळ मजकूर, मधे माझा, उजवीकडे शब्दकोश, असे तीन उभे भाग मला दिवसभर लागतात. सिकोया अर्धे देतं, पाव देतं, एक तृतीयांश देत नाही. रेक्टँगलमध्ये कंट्रोल-ऑप्शन धरून डी, एफ, जी दाबलं की झालं. तेही फुकट. हट्ट कसला त्यात?

अर्धविराम:
तीन भाग लागणारे असतात किती? आणि फुकट म्हणता, तर त्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते, ते का नाही सांगत? परवानगी दिली की इतर ॲप्सच्या विंडोंचा ताबा त्याच्याकडे जातो. कंपनीच्या लॅपटॉपवर असलं ॲप टाकलं म्हणून माझ्या सहकाऱ्याला तीन खुलासे लिहावे लागले. ‘याबाई’ हे विंडो लावणारं ॲप वापरणारे तर एसआयपीच, म्हणजे मॅकच्या सिस्टिमला धक्का लागू न देणारं संरक्षणच, बंद करून बसतात. खिडक्या नीट लावायला घराचं कुलूप काढायचं!

मनगट:
याबाईला एसआयपी बंद करावंच लागतं, हे अर्धवट ज्ञान किती दिवस पसरवणार? नुसत्या टायलिंगला, म्हणजे विंडो फरशांसारख्या शेजारी-शेजारी बसवायला, लागत नाही. स्पेसेसवर, म्हणजे मॅकच्या वेगवेगळ्या डेस्कटॉपवर, पूर्ण ताबा हवा, विंडो पारदर्शक हव्या, असल्या मोजक्या गोष्टींसाठी एसआयपीचा काही भाग बंद करावा लागतो. न वापरता बोलू नका. दोन वर्षांपूर्वी माझं उजवं मनगट इतकं दुखायचं की पेला उचलवत नव्हता. माउस सोडला, सगळं कीबोर्डवर आणलं. आता एरोस्पेस हे टायलिंगचंच दुसरं ॲप वापरते, त्याला एसआयपीला हातही लावावा लागत नाही. न दिसणाऱ्या विंडो ते स्क्रीनबाहेर कोपऱ्यात सरकवतं, एका पिक्सेलची रेघ तेवढी दिसत राहते. मला चालते.

जुनाखेळाडू:
विंडोजमध्ये कडेला चिकटवणं 2009 पासून आहे, विंडोज 7 पासून. मॅकला 15 वर्षं लागली आणि आता तुम्ही आनंदाने भांडताय! मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या ॲपमधल्या फॅन्सीझोन्समध्ये हवे तसे भाग आखा, शिफ्ट धरून विंडो सोडा. टायलिंगही नवलाचं नाही. 1985 च्या विंडोज 1.0 मध्ये विंडो एकमेकींवर चढतच नव्हत्या.

मनगट:
इथे मॅकवर कुठलं ॲप घ्यायचं हा विषय आहे. तुमचा विंडोजचा पोवाडा दर वेळी ऐकायलाच हवा का?

निशाचर:
परवानगीचं भय मलाही आहे, म्हणूनच रेक्टँगल. त्याचा कोड सगळ्यांना पाहायला खुला आहे. बंद कोडवाल्या ॲपला मी ती परवानगी देणार नाही, एवढं अर्धविराम यांचं मान्य.

अर्धविराम:
एसआयपीबद्दल माझं चुकलं. तपासलं, मनगट म्हणतात तसंच आहे. मात्र कंपनीच्या मशीनवर मी काहीही टाकणार नाही, ते ठाम. घरच्या मॅकवर रेक्टँगल टाकून पाहिलं. डी आणि जी छान. एफ दाबलं की माझ्या हिशेबाच्या ॲपची विंडो शेजारच्या विंडोवर चढते. याला सोय म्हणायचं?

निशाचर:
त्या ॲपने स्वतःची किमान रुंदी ठरवलेली असणार. त्याखाली ती विंडो कुणालाच दाबता येत नाही, सिकोयालाही नाही. कंट्रोल-ऑप्शन-ई करा, डावीकडचे दोन तृतीयांश तिला द्या. उरलेल्या भागात दुसरी विंडो जी दाबून बसवा.